तारीख नसलेला पाऊस

अमेरिकेच्या हवामान खात्याची जी स्थानिक कार्यालयं आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक यादी ठेवायची पद्धत आहे. वर्षाचे सगळे दिवस ओळीने घ्यायचे आणि प्रत्येक तारखेपुढे, त्या दिवशी पूर्वी कधी काय झालं होतं ते दोन-चार ओळींत लिहायचं. कुठलं वादळ, कुठला पूर, किती इंच बर्फ, किती माणसं गेली. उदाहरणादाखल २८ सप्टेंबर घ्या. १९९८ साली या दिवशी 'जॉर्जेस' नावाचं चक्रीवादळ मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीजवळ किनाऱ्यावर आलं. २०२२ साली याच दिवशी 'इयन' फ्लोरिडाच्या किनाऱ्याला भिडलं आणि दीडशेच्या आसपास माणसं दगावली.

पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा मला ती निव्वळ हौस वाटली. क्रिकेटवाले कसे 'आजच्या दिवशी अमक्याने शतक ठोकलं होतं' म्हणून सांगतात, तसली. पण मग डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपल्याकडे अशी यादी करायची म्हटली तर? अख्ख्या महाराष्ट्राची नको, फक्त आमच्या नांदेड-लातूरची. आणि तारीख हीच, २८ सप्टेंबर.

बसलो करायला.

पहिली नोंद सापडली १९०८ सालची. तेव्हा नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते आणि राजधानी हैदराबाद. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद बुडवलं. दीड दिवसात ४०० मि.मी.च्या वर पाऊस झाला होता. सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. अफझलगंजात एक चिंचेचं झाड आहे, पुढे तिथे उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. त्या झाडावर चढून दीडशेएक माणसं वाचली असं सांगतात. उर्दूतले रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्याच पुरात वाहून गेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीतली ही गोष्ट, पण आमच्या पिढीतल्या कितीजणांना ती ठाऊक आहे? मुंबईची २६ जुलै आम्हाला पाठ असते. ही नसते.

दुसरी नोंद २०२१ सालची. 'गुलाब' चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या रात्री आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगणातून पश्चिमेकडे सरकलं, आणि २७-२८ तारखेला त्याचा उरलासुरला जीव आमच्या डोक्यावर येऊन बसला. 'उरलासुरला' म्हणायचं, पण मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि खाली लातूर जिल्ह्यात नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. काढायला आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं.

तिसरी नोंद २०२५ ची. २७-२८ सप्टेंबरला पुन्हा मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. जायकवाडीतून गोदावरीत दोन लाख क्युसेकच्या पुढे पाणी सोडावं लागलं आणि ते नांदेडला पोचेपर्यंत काठावरच्या लोकांचा जीव टांगणीला लागला.

आणि मधली वर्षं? १९०८ ते २०२१ म्हणजे ११३ वर्षं. या ११३ वर्षांत २८ सप्टेंबरला आमच्याकडे कधी काही झालंच नाही असं थोडंच आहे? झालं असणार. सरकारी दप्तरात कुठेतरी पावसाचे आकडे असतीलही. पण माणसांना विचाराल तर पाटी कोरी. यादी करायला बसलो होतो पावसाची, आणि हाती आली ती आमच्या विसराळूपणाची.

तर मंडळी, आजचं म्हणणं याच कोऱ्या जागेबद्दल आहे.

आम्ही मराठवाड्यातली माणसं काही विसरभोळी नाही. मराठवाड्याच्या सप्टेंबरातल्या दोन तारखा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. १७ सप्टेंबर, १९४८ साली निजामाच्या राज्यातून सुटलो तो दिवस. आणि ३० सप्टेंबर, १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला ती पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं संपलं. तास-मिनिटासकट लक्षात आहे. म्हणजे तारीख लक्षात ठेवायची ताकद आमच्यात आहे. ती आम्ही पावसासाठी वापरत नाही, एवढंच.

का वापरत नाही? मला वाटतं, याचं एक कारण दुष्काळ आहे.

आमच्याकडे आपत्ती म्हटली की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो दुष्काळ, आणि दुष्काळाला तारीख नसते. त्याला वर्ष असतं. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सुकडी, मिलोची लाल ज्वारी, खडी फोडायची कामं... सगळं त्या एका आकड्यात येतं. दुष्काळ अमक्या दिवशी सुरू झाला असं कोण सांगू शकेल? तो रोज थोडा थोडा येतो. न आलेल्या पावसाची तारीख कशी लिहिणार?

२०१६ चंच बघा ना. लातूरला पाणी भरण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची पाळी आली होती. त्या साऱ्या वर्षातली एकच तारीख लोकांना आठवते, १२ एप्रिल. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे, 'जलदूत', त्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे त्या गाडीला पन्नास वाघिणी लागल्या आणि शंभरावर फेऱ्या झाल्या. पण त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी इतका पाऊस झाला की नद्यांना पूर आले, हेही तितकंच खरं आहे. रेल्वेने पाणी आलं तो दिवस आठवतो आणि आभाळातून आलं तो दिवस आठवत नाही, असं आमचं झालंय.

इथे एक छोटं गणित करून पाहा. एक मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एका रात्रीत ६५ मि.मी. पाऊस झाला तर एका एकरावर २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. ज्या पहिल्या रेल्वेचे फोटो देशभर छापून आले, तिच्यातलं सगळं पाणी म्हणजे जेमतेम दोन एकरांवरची एका रात्रीची अतिवृष्टी! रेल्वेला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. त्या उन्हाळ्यात तिचं मोल ज्यानं घागर घेऊन रांग लावली त्यालाच ठाऊक. सांगायचंय ते हे की आमच्या डोक्यातला पाऊस आणि आभाळातला पाऊस यांची मापं फार वेगळी आहेत.

दुसरं कारण नक्षत्रं. शेतकरी पाऊस तारखेने नाही, नक्षत्राने मोजत आला आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं करत करत सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरा आणि २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त. म्हणजेच आमचा 'हत्ती'. पंचांगात त्याचं वाहनही दिलेलं असतं, कधी बेडूक, कधी घोडा, कधी म्हैस. पोरींचा हादगा याच नक्षत्रावर बसतो. आणि हत्तीचा पाऊस भिंती पाडतो, ही म्हण तर मातीच्या घरांत राहिलेल्या माणसांनी अनुभवाने केलेली आहे.

कंधारकडच्या आमच्या मामांना मी एकदा विचारलं होतं, "मामा, गेल्या साली तुमच्याकडे पाऊस झाला तो कोणत्या तारखेला?"

मामा म्हणाले, "तारीख कशाला ठिवायची बापू? हत्ती लागला व्हता, रातच्याला आला आन् बनीम भिजवून गेला."

मामांचं उत्तर त्यांच्या हिशेबाने अगदी पुरेसं होतं. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं. पेरणीसाठी, कोळपणीसाठी, रब्बीच्या ज्वारीला ओल मिळेल की नाही हे ठरवण्यासाठी तेवढं माप चालतं. पूर्वी हत्तीचा पाऊस लोक वाट पाहून घ्यायचे, कारण त्याच्यावर रब्बी उभी राहायची. आता पीकच बदललं. नांदेड-लातूरच्या खरिपावर सोयाबीनचं राज्य आहे आणि सोयाबीन काढणीला येतं ते नेमकं याच दिवसांत. कापून बनीम लावलेली असते, वर ताडपत्री असली तर असली. ज्या पावसाला आजोबा हात जोडायचे, त्याच पावसाला नातू शिव्या घालतो. पाऊस तोच आणि नक्षत्रही तेच, बदललंय ते खाली शेतात काय उभं आहे ते.

पण खरा घोळ पुढेच आहे. मामांचं माप नक्षत्राचं, आणि सरकारचं माप दिवसाचं.

आमच्याकडे सरकारी भाषेत अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस. मदतीची सगळी गाडी साधारणपणे या आकड्यावरून सुरू होते, मग पंचनामे, मग ३३ टक्क्यांच्या वर नुकसान आहे का ते पाहणं. मोठं संकट आलं, आरडाओरडा झाला, तर सरकार ही अट बाजूलाही ठेवतं. पण ते सरकारच्या मर्जीवर.

आता हे '२४ तास' कुठून कुठपर्यंत? आपला दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला बदलतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस बदलतो सकाळी साडेआठला. म्हणजे २७ तारखेला संध्याकाळी पडलेला पाऊस २८ तारखेच्या नावावर लागतो. समजा पहाटे तीनला पाऊस सुरू झाला आणि दुपारी दोनपर्यंत कोसळला. साडेआठच्या आधी ५० मि.मी., नंतर ५० मि.मी. माझ्या शेतात सलग अकरा तासांत १०० मि.मी. पाऊस पडला, पण कागदावर दोन वेगवेगळे दिवस, पन्नास-पन्नासचे. एकही दिवस पासष्टच्या वर नाही. पीक गेलं, अतिवृष्टी मात्र झालीच नाही!

शिवाय हा आकडा माझ्या शेतातला नसतोच. तो मंडळातल्या यंत्राचा असतो. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली, ही चांगलीच गोष्ट झाली. पूर्वी तालुक्याला एक पर्जन्यमापक असायचा, त्यापेक्षा कितीतरी बरं. पण एका मंडळात कितीतरी गावं असतात, आणि आमच्याकडचा पाऊस किती लहरी! रस्त्याच्या या बाजूला चिखल आणि त्या बाजूला फुफाटा, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. यंत्र कोरड्या बाजूला असलं की ओल्या बाजूचा शेतकरी खोटा ठरतो.

मग तो काय म्हणतो? "साहेब, पाऊस लई झाला." साहेब विचारतात, "किती? कोणत्या दिवशी?" आणि इथे आपला माणूस गप्प होतो. त्याच्याकडे 'लई' आहे आणि 'हत्ती' आहे. आकडा आणि तारीख समोरच्याकडे आहे. ज्याच्याकडे तारीख, त्याचं खरं.

पीक विम्यातही तेच. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली तेव्हा तिच्यात स्थानिक आपत्तीची सोय होती. शेतात पाणी घुसलं, गारपीट झाली, तर ७२ तासांत कळवायचं आणि मग पाहणी व्हायची. त्या ७२ तासांची गावोगाव किती धावपळ असायची! नेटवर्क नाही, फोन लागत नाही, अर्जात तारीख चुकली की सगळं मुसळ केरात. तरीही निदान त्या कागदावर 'कोणत्या दिवशी काय झालं' हा रकाना होता. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून ही बाब काढून टाकली. एक रुपयातल्या विम्यात बोगस अर्ज निघाले, खर्च वाढला, ही सरकारची बाजू आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण परिणाम काय झाला? भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर. म्हणजे दिवस गेला आणि हंगाम राहिला. आणि हा बदल लागू झाला त्याच वर्षी, १७-१८ ऑगस्टला मुखेड तालुक्यात आभाळ फाटलं, लेंडीच्या पाण्याने हसनाळसारख्या गावात माणसं गेली, आणि सप्टेंबरात अख्खा मराठवाडा पाण्यात बसला. दिवसाची सर्वांत जास्त गरज होती, नेमकं त्या वर्षी दिवस कागदावरून गेला.

आता कुणी म्हणेल, अहो, १९०८ आणि २०२१ ची तारीख एकच आली हा निव्वळ योगायोग. त्यात काय अर्थ शोधता?

बरोबर आहे. २८ या आकड्यात काही नाही. निसर्गाला कॅलेंडर कळत नाही. उद्या कुणी '२८ सप्टेंबरला घात असतो' असं म्हणायला लागला तर त्याला मीच पहिल्यांदा हसेन. पण तारखा एकाखाली एक लिहिल्यावर एकटा आकडा सांगत नाही ते दिसायला लागतं. सप्टेंबरच्या शेवटी बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, त्यांतली काही आंध्र-तेलंगणावरून पश्चिमेला सरकतात आणि हैदराबाद, नांदेड, लातूर त्यांच्या वाटेवर येतं. मॉन्सून आमच्याकडून परततो तो ऑक्टोबर लागल्यावर. म्हणजे २८ तारीख योगायोग, पण सप्टेंबरचा शेवटचा आठवडा योगायोग नाही.

आणि याच आठवड्यात आमची धरणं भरलेली असतात, निदान तशी असावीत अशी धडपड असते. पावसाळा संपत आला, आता जे साठेल तेच पुढचे आठ महिने. मग वरून दोन दिवस पाऊस कोसळला की धरणात जागाच नसते. जेवढं येतं तेवढं खाली सोडावं लागतं. इथेच मला आमच्या आठवणीचा दोष दिसतो. धरण भरून ठेवा असं सांगते ती दुष्काळाची आठवण, वर्षाची आठवण. थोडी जागा रिकामी ठेवा असं सांगेल ती पुराची आठवण, दिवसाची आठवण. पहिली आमच्या हाडामांसात आहे. दुसरी कुणी लिहूनच ठेवलेली नाही, मग ती बोलणार कशी? इंजिनिअर मंडळी आकडेमोड करत असतीलच. पण धरणात पाणी कमी ठेवलं आणि पुढे पाऊस झाला नाही, तर लोक त्यांना सोडतील का? लोकांना दोन्ही आठवणी असत्या तर त्यांचंही काम थोडं सोपं झालं असतं.

तारीख लिहून ठेवली की काय होतं, याचं उत्तर हैदराबादेतच आहे. १९०८ च्या पुराचा नीट हिशेब झाला. किती पाऊस, कुठे, किती तासांत, कुठले तलाव फुटले. १९०९ साली विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं. त्यांनी मुसीच्या वरच्या अंगाला पूर अडवण्यासाठी जलाशय सुचवले आणि १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. पुढे त्या तलावांनी कैक वर्षं शहराला पाणीही पाजलं. पूर अडवायला बांधलेली धरणं तहान भागवायच्या कामी आली. दुष्काळाची आणि पुराची आठवण एकत्र नांदू शकते, ती अशी.

पण ते झालं राजधानीचं. खेड्याचा हिशेब कोण ठेवणार?

इथे मला पुन्हा अमेरिकेतलंच एक उदाहरण आठवतं. कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. २८ जुलै १९९७ ला तिथे अचानक पूर आला आणि पाच जणं गेली. मागाहून कळलं की गावाच्या एका टोकाला साडेचौदा इंच पाऊस झाला होता आणि काही मैलांवर त्याच्या निम्माही नाही. म्हणजे आमच्यासारखीच तऱ्हा. तिथल्या विद्यापीठातल्या नोलन डोस्केन यांनी १९९८ साली एक साधी कल्पना राबवली. ज्याला हौस आहे त्याने अंगणात चार इंची प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक लावायचा, रोज सकाळी वाचायचा आणि आकडा कळवायचा. शिक्षक, निवृत्त माणसं, शेतकरी, शाळकरी पोरं. 'कोकोराज' या नावाने ते जाळं पुढे देशभर पसरलं आणि हवामान खातंही ते आकडे वापरतं. कुणी पगार घेत नाही.

हे आपल्याकडे करायला काय लागतं? खरं तर महागडं यंत्रही नको. सरळ बाजूंचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा स्टीलचा डबा. उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, दगडांत घट्ट बसवलेला. सकाळी साडेआठला, हो, साडेआठलाच, पट्टी बुडवून मि.मी. वाचायचे, डबा ओतून द्यायचा. सरकारचा दिवस साडेआठला बदलतो ना, मग आपलाही साडेआठलाच बदलू दे. आणि दुपारी, संध्याकाळी पाऊस थांबला की आणखी एकदा वेळ लिहायची, म्हणजे दोन दिवसांत फाटलेला पाऊस निदान आपल्या वहीत सलग राहील.

वही म्हटली की लोक कंटाळतात, म्हणून आणखी सोपं सांगतो. घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितो, गॅस कधी लागला ते लिहितो, पोराची परीक्षा लिहितो. त्याच चौकटीत एक आकडा पावसाचा लिहायचा. वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत द्यायचं नाही. दहा वर्षांनी ती दहा कॅलेंडरं म्हणजे त्या गावाचा इतिहास झाला.

हे घरी जमत नसेल तर शाळेत जमेल. पोरांना प्रकल्प हवेच असतात. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायला जागा असते, मग पावसाच्या तारखेला का नसावी? नदीकाठच्या गावात एका पक्क्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ आणि तारीख, तेलाच्या रंगात. आमच्या नांदेडला गोदावरीने ऑगस्ट २००६ मध्ये काय केलं ते पाहिलेली माणसं आहेत. पण त्यानंतर जन्मलेली पोरं आज कॉलेजात जातात आणि नवी घरं कुठवर बांधली जातायत ते बघा. रेघ असती तर निदान घर बांधणाऱ्याने एकदा मान वर करून पाहिलं असतं.

एका डब्याच्या आकड्यावर सरकार मदत देईल का? लगेच नाही देणार. तलाठी, म्हणजे आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावाला ते तलाठीच, तेही बिचारे वरून आलेल्या नमुन्यात बसेल तेवढंच लिहिणार. पण एका गावातल्या पाच घरांनी, एका मंडळातल्या दहा शाळांनी तोच दिवस आणि आसपासचाच आकडा लिहून ठेवला असेल, तर तो कागद नुसता बाजूला सारता येत नाही. 'लई पाऊस झाला' हे गाऱ्हाणं असतं. '२८ तारखेला पहाटे तीन ते दुपारी दोन, १०० मि.मी.' ही साक्ष असते. गाऱ्हाणं ऐकून घ्यायचं की नाही ते ऐकणाऱ्यावर असतं, साक्ष मात्र खोडून काढावी लागते.

नक्षत्रं सोडून द्या असं मी म्हणत नाही. हत्ती राहू दे, हादगा राहू दे, मामांचं शहाणपण तर राहूच दे. त्यांच्या तेरा-चौदा दिवसांच्या मापात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्याच्या शेजारी फक्त एक बारीक आकडा हवा. बहात्तर साल आपण जसं जपलं, नातवंडांपर्यंत पोचवलं, तसे हे एकेकटे दिवसही जपायला हवेत, कारण इथून पुढची आमची भांडणं वर्षांवर नाही, दिवसांवर होणार आहेत.

पाऊस काय, तो येणार आणि जाणार. तो कधी आला होता हे मात्र आपल्याला मंडळाच्या यंत्राकडून विचारून घ्यावं लागू नये.